ध्रुवावर लावलेला बिल्ला

कुणी आपला बिल्ला पुढे केला, की आमच्या खाणीतले मेकॅनिक दादा दोन्ही हात पाठीमागे नेत. "ज्याचा बिल्ला त्यानंच लावावा बावा," एवढंच म्हणत. नव्या पोरांना वाटे, म्हातारा अंगचोर आहे.

राजूरची कोळसाखाण तुम्ही पाहिली नसेल, तर सांगतो. मी तिथं बत्तीघरात, म्हणजे कामगारांचे दिवे ठेवतात त्या खोलीत, कारकून होतो. खाली उतरताना कामगार तिथल्या फळीवरचा आपल्या नंबराचा पितळी बिल्ला सोबत नेतो, वर आला की परत लावतो. फळी भरली म्हणजे सगळे सुखरूप. थकलेला माणूस सोबत्याच्या हाती बिल्ला देऊन बाहेरच टेकतो. पूर्वी हेच गृहस्थ सात-सात जणांचे बिल्ले हसत लावायचे. मीही कधी हटकलं नाही.

खाणीत यंत्रं दुरुस्त करता करता ते अंटार्क्टिकाच्या मोहिमेवर मेकॅनिक म्हणून गेले. दुसऱ्या खेपेला तर वर्षभर राहिले. परतल्यावर गावानं भर मे महिन्यात सत्कार ठेवला. मांडवात शाल पांघरून बिचारे घामानं निथळत होते. भाषणाला उठले, "थंडी असते," म्हणाले आणि बसले. पेंग्विनबद्दल विचारलं, तर वास फार मारतो म्हणाले. लोक पोट धरून हसले. मला मात्र त्यांचा चेहरा बरा वाटला नाही.

खरं काय ते त्यांनी मला पुढे एका दुपारी बत्तीघरात सांगितलं. तिथल्या तळावरही त्यांनी आपल्यासारखीच फळी करून लावली होती. एकदा बर्फाच्या वादळात ते आणि गढवालकडचा एक वायरलेसवाला डिझेलची फुटलेली नळी जोडून परतत होते. दाराशी आल्यावर सोबत्यानं आपला बिल्ला यांच्या हाती दिला. तुम्ही व्हा पुढे, वादळात धरून चालायचा हा दोर सैल झालाय, तो आवळून आलोच, म्हणाला. यांनी आत जाऊन दोन्ही बिल्ले लावले आणि जनरेटरच्या खोलीत कामाला लागले. फळी भरलेली, म्हणून कुणी शोधायला गेलं नाही. दारापासून चाळीस पावलांवर तो सापडला, तेव्हा सगळं संपलं होतं. लोकांना वाटलं, आत येऊन पुन्हा बाहेर गेला असेल. अहवालात वादळ लिहिलं गेलं. हे गप्प राहिले.

त्या सोबत्याची आई दर दिवाळीला यांना फोन करून आशीर्वाद द्यायची. तो आशीर्वाद त्यांना सोसत नसे.

"भाऊ, मले तिले खरं सांगाचं हाय. थे मले देवमाणूस समजून राह्यली."

"कायले सांगता दादा? म्हातारीचं दुःख काहून उकरता?" मी शहाणपणा पाजळला.

त्यांनी मान हलवली आणि त्या दिवाळीला नुसता आशीर्वाद घेतला. पुढच्या दिवाळीलाही तेच, त्याच्या पुढच्याही.

यंदा उन्हाळ्यात ते गेले. हार्ट अटॅक. एकटा जीव, शेजारी मीच, म्हणून मोबाइल माझ्याकडं राहिला. दिवाळीच्या सकाळी तो वाजला. ते गेल्याचं मी तिला सांगितलं. ती रडली. मग आपल्या मुलाबद्दल ते कधी काही बोलले का, असं तिनं हिंदीत विचारलं. मी हो म्हणालो, आणि माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत सगळं सांगून टाकलं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, "पगला था। मुझसे कहता तो पहले डाँटती, फिर यहीं बुला लेती। मेरा भी और कौन था?"

हे त्यांनी ऐकायला हवं होतं. मी अडवलं नसतं, तर ऐकलंही असतं.