ओळखीचा महिषासुर

लग्नानंतर वर्षभरात मी लक्ष्मी झाले, सरस्वती झाले आणि एकदा गणपतीची सोंडसुद्धा झाले. सोंडेला हात वळवून धरावा लागतो. तो दोन दिवस दुखत होता.

हे कॅलेंडरांसाठी देव रंगवायचे. चिकपेटेच्या बाजारातले एक उदबत्तीवाले दरवर्षी चित्र करून घेत. लोकांना वाटायचं, चित्रकाराच्या स्वप्नात देव येतात. ह्यांच्या स्वप्नात कुणी आलेलं मला ठाऊक नाही, घोरणं मात्र ठाऊक आहे. शेजारचा पैलवान अंगणात तेल चोळायला बसला की तो मारुती. दूधवाल्याचा बैल नंदी. बाईमाणूस लागलं की मी. हातात लाटणं दिलं की त्रिशूळ, ताटली दिली की चक्र. मी कोपर वर करून उभी, आणि तिकडे चुलीवरची हुळी, म्हणजे इकडची आमटी, उतू जायची.

माझी अट एकच होती. हात घ्या, पाय घ्या, चेहरा घ्यायचा नाही. दुकानात मीठ मागायची मला लाज, मी नुसतं बोट दाखवायचे. तोच चेहरा गावभर भिंतींवर टांगायचा? ह्यांनी कबूल केलं होतं.

त्या वर्षी महिषासुरमर्दिनी सांगितली होती. आठही हात माझे. चेहरा दसऱ्याला घरात मांडतात त्या बाहुल्यांतल्या एकीचा घेतला. उदबत्तीवाले बघायला आले आणि कानडीत म्हणाले, "अण्णा, ही रेड्याला मारतेय, की अजून भात वाढू का विचारतेय? स्वल्प राग येऊ दे की."

"सरी, सरी," म्हणत ह्यांनी मान डोलावली आणि तो चेहरा खरवडला.

दुसऱ्या दिवसापासून हे मला टोचायला लागले. "हुळीत मीठ घातलंस, की नुसतं दाखवलंस?" मी मिठाचं भांडं पुढे सरकवलं. "तुझ्या माहेरी कॉफी अशीच पाणचट करतात का?" मी दुसरी करून आणली. संतापल्या त्या बोळक्या तोंडाच्या सासूबाई. "मेल्या, जेवायला बसलायस की भांडायला?" ह्यांनी आशेनं त्यांच्याकडे पाहिलं, पण देवीला दात हवे होते.

आमच्याकडे देवाचे डोळे शेवटी काढायचे, ही सासऱ्यांपासूनची रीत. सकाळी आंघोळ करून बसायचं आणि डोळे पुरे होईपर्यंत अवाक्षर काढायचं नाही. बोललं तर देव तिरळा होतो म्हणे. त्या सकाळी मी कॉफी ठेवायला गेले आणि चित्र पाहिलं. नाक माझं, चमकी माझी, लहानपणी पडले तेव्हाची हनुवटीवरची खूणसुद्धा माझी. फक्त डोळ्यांच्या जागा कोऱ्या.

"हे काय? चेहरा घेणार नाही म्हणाला होतात ना?"

ह्यांनी तोंड उघडलं. आतून सासूबाई ओरडल्या, "बोलू नकोस रे! देवी तिरळी होईल!"

ह्यांनी तोंड मिटलं. मग मी बोलले. वर्षभराचं बोलले. मीठ, माहेर, पाणचट कॉफी, सोंड, काही सोडलं नाही. मधे तोडणारं कुणी नव्हतं, त्यामुळे मलाही थांबता येईना. हे एकदा माझ्याकडे बघत, एकदा चित्राकडे, आणि डाव्या हातानं खुणावत, अशीच राहा, अशीच राहा. त्यानं मी आणखी पेटले. "पुसून टाका म्हणते ते!"

ह्यांनी कुंचला ठेवला. देवी माझ्याकडे अशी बघत होती की मीच एक पाऊल मागे सरले.

"झालं," हे म्हणाले. "आणि हे पुसू?"

मला पुसवेना. मी म्हटलं, "राहू दे. पण मग राक्षसही घरचाच हवा." राक्षसाच्या तोंडाची नुसती रेघ काढलेली होती.

ह्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. "बरोबर बोलतेय ती," त्या म्हणाल्या. ह्यांनी दाढीचा आरसा खिडकीत टेकवला, मिशीवरून हात फिरवला आणि समोर बसले.

कॅलेंडर निघालं, किराण्यापासून न्हाव्यापर्यंत सगळीकडे लागलं. मी महिनाभर उंबरा ओलांडला नाही. शेवटी हेच मला किराण्याच्या दुकानात घेऊन गेले. देवी दुकानदाराच्या डोक्यावरच टांगलेली. मी मान खाली घालून उभी. त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो ह्यांच्याकडे टक लावून बघत होता.

"अण्णा, तुम्हाला कुठंतरी पाहिलंय."

मला हसू आवरेना. तसंच हसत मी मीठ मागितलं, तोंडानं.

त्या संध्याकाळी ह्यांनी मिशी उतरवली. सासूबाई म्हणाल्या, "आता रेड्यासारखा दिसतोस."