आबांसाठी घेतलेली गाडी

नवी गाडी घेताना घरातल्या प्रत्येकाचं मत घ्यावं, म्हणजे ती कोणाच्याच कामाची राहत नाही.

माझे वडील, आबा, यांचे गुडघे गेले होते. एसटीची पायरी त्यांना चढवेना. त्यांची थोरली बहीण अक्का धरणगावला अंथरुणाला खिळलेली. तिला एकदा डोळे भरून पाहायचं, एवढंच आबांचं मागणं. म्हणून गाडी!

धुळ्याचे मेहुणे म्हणाले, "गाडी उंचच घ्या. आमचे खड्डे बघितलेत ना?" (जसा काही मी रोज धुळ्याच्या खड्ड्यांतच राहणार होतो.) बायकोला गाडीच्या छताला काच हवी होती. जळगावच्या मे महिन्यात डोक्यावर काच! तरी मी हो म्हणालो. आबा शोरूमबाहेर खुर्चीवर चहा घेत बसले होते. मी लांबूनच विचारलं, गाडी कशी वाटते?

"बठ्ठं चांगलं शे," आबा म्हणाले.

आता, सगळं चांगलं आहे, हे आमचे आबा आळणी वरणालाही म्हणतात आणि करपलेल्या भाकरीलाही. त्यांचं 'बठ्ठं चांगलं' म्हणजे 'मला विचारू नका, तुमचं चालू द्या'. हे मला जन्मापासून ठाऊक. पण त्या दिवशी मला ती पसंती वाटली, कारण मला ती पसंतीच हवी होती. एकदा आत बसून बघा, एवढं म्हणायला माझी जीभ झडली होती का?

गाडी दारात आली. लिंबं चिरडली, नारळ फुटला आणि आबांनी पाय उचलला. पाय अर्ध्यावर थांबला. मग पूजेचा चौरंग आणला. मी खालून ढकलतोय, बायको आतून ओढतेय, आबा मधे लोंबकळतायत आणि सगळी गल्ली फुकटात बघतेय! मेहुण्यांचा फोनवरून सल्ला चालूच होता. शेवटी मी त्यांच्यावर असा ओरडलो, की ते अजून बोलत नाहीत. गाडीला पायरी बसवली, तर तीही आबांच्या गुडघ्याला भारी पडली. शोरूमवाल्याने परत घ्यायला नकार दिला, अगदी हात जोडून.

तेवढ्यात धरणगावहून निरोप आला, अक्काने अन्न सोडलंय. आबांनी मला काही विचारलं नाही. कोपऱ्यावरची रिक्षा थांबवली आणि सहज आत बसले.

"मी रिक्षामा जास. तू मांगून ये," म्हणाले आणि अक्काकडे न्यायची आपली वांग्यांची पिशवी माझ्या हातात दिली.

तशी वरात निघाली. पुढे फटफटत रिक्षा, मागे नव्या गाडीच्या गार हवेत मी. धरणगाव येईपर्यंत मला स्वतःचा इतका राग आला, की गाणंसुद्धा लावलं नाही.

अक्काची खाट खिडकीशी होती. आबांना बघून तिचे डोळे भरले. दोघं कितीतरी वेळ हात धरून बसली. मग तिची नजर बाहेरच्या चकचकीत गाडीकडे गेली. त्या गाडीतून कोण आलं, म्हणून तिने क्षीण आवाजात विचारलं, "त्या गाडीमा कोन उनं?"

आबा शांतपणे म्हणाले, "मन्ही पिशवी."