मास्कशिवाय पाचवा मजला

त्या इमारतीला सात मजले होते आणि लिफ्ट एकच, तीही जुनी. जाळीची दोन दारं, एक बाहेरचं आणि एक आतलं, दोन्ही हातानं ओढायची. आत भिंतीला पितळी मूठ. मूठ डावीकडे केली की लिफ्ट वर, उजवीकडे केली की खाली, आणि सोडली की असेल तिथे उभी. आतलं दार जरा जरी उघडं राहिलं तरी हलायची नाही. मजल्याच्या अगदी बरोबरीला आणून ती थांबवणं हे सगळं चालवणाऱ्याच्या हातावर. हात कच्चा असेल तर उतरणारा माणूस एक तर ठेचकाळतो, नाही तर त्याचा पाय कचकन खाली जातो. कप्तानाच्या लिफ्टमधून सत्तावीस वर्षांत कुणी ठेचकाळलं नव्हतं.

कप्तान हे नाव दुसऱ्या मजल्यावरच्या वकिलांनी ठेवलेलं. खाकी शर्टाची गळ्याची गुंडी कायम लावलेली, आणि दार ओढण्याआधी "वर जाणाऱ्यांनी आत या, वर!" अशी हाळी, जणू बोटच सुटते आहे. नाव चिकटलं ते चिकटलंच. बायकोसुद्धा रागावली की "ऐकलंत का कप्तान?" म्हणायची.

या बायकोला चार वर्षांपूर्वी तिच्या धाकट्या बहिणीनं आपली एक किडनी दिली होती. शरीरानं ती परकी म्हणून नाकारू नये यासाठी सकाळ-संध्याकाळ गोळ्या, आणि त्या गोळ्यांनी अंगातली रोगाशी झुंजायची ताकदच कमी करून ठेवलेली. साथ आली तेव्हा डॉक्टरांनी तिला नाही, त्याला समोर बसवलं.

"त्या घराबाहेर पडणार नाहीत. पण तुम्ही पडता," डॉक्टर म्हणाले. "घरात हा आजार आला, तर तो तुमच्याबरोबरच येईल. आणि त्यांना तो झेपायचा नाही."

त्या दिवसापासून कप्तानाला लिफ्ट लहान वाटू लागली. चार फूट बाय पाच फूट. वर एक छोटा पंखा, कोपऱ्यात त्याचं स्टूल. रोज दीडशे-दोनशे माणसं त्याच्या खांद्यापासून हातभर अंतरावर श्वास घेऊन जात. संध्याकाळी तो दाराबाहेरच शर्ट काढी, आंघोळ करून बाहेरच्या खोलीत जेवी, तिथेच झोपे.

"तीस वर्षांनी पुन्हा लाजायला लागलात की काय माझ्याशी?" बायको आतून विचारी.

"तुझ्याशी नाही. तुझ्या बहिणीच्या किडनीशी."

"किडनी तिची असली तरी हट्ट माझाच आहे हो. खोकलात तर मीच तुम्हाला बाहेर काढीन."

इमारतीचे सेक्रेटरी तिसऱ्या मजल्यावर विम्याचं ऑफिस चालवत. त्यांनी लिफ्टच्या दाराशी सूचना लावली: एका वेळी तीन माणसं, मास्कशिवाय प्रवेश नाही. सूचना सगळ्यांनी वाचली आणि ज्यानं त्यानं आपापल्या सोयीनं पाळली. वकील ऐकताना मास्क वर ठेवत आणि बोलताना खाली घेत, आणि त्यांचा धंदाच बोलायचा. टायपिंगच्या क्लासच्या मुलींचे मास्क कपड्यांना जुळणारे. चौथ्या मजल्यावरचे एक गृहस्थ फक्त शिंकण्यापुरता मास्क काढत, कारण तो खराब होतो. कुणी हनुवटीवर अडकवून येई.

"दाढीला थंडी वाजते का?" कप्तान विचारी.

"आहे की मास्क!"

"नाक कुठाय मग?"

लोक हसत, कुरकुरत, पण नाक झाकत. कप्तान दारच ओढत नसे, त्यामुळे इलाज नव्हता.

प्रश्न होता तो पाचव्या मजल्यावरच्या साहेबांचा. यंत्रांचे सुटे भाग बाहेरून मागवून विकायचा त्यांचा व्यवसाय. अख्खा मजला त्यांचा. धिप्पाड, गोरेपान, आवाज असा की तळमजल्यावर ऐकू यावा. हे सगळं थोतांड आहे, माणसांना घाबरवून घरात कोंडायचा डाव आहे, असं त्यांचं ठाम मत. पहिल्या दिवशी कप्तानानं त्यांना मास्क मागितला तेव्हा ते हसले. दुसऱ्या दिवशी हसले नाहीत, जिन्यानं गेले. तिसऱ्या दिवशी सेक्रेटरी कप्तानाच्या स्टुलापाशी येऊन उभे राहिले.

"त्यांना सोडत जा रे. एकच माणूस आहे."

"सूचना तुम्हीच लावलीत ना साहेब?"

"सूचना लावावी लागते. आणि हे बघ, कमिटीत ते बटणांच्या लिफ्टचा विषय काढतायत. एकदा ती आली की लिफ्टमन कशाला हवा? समजून घे जरा."

कप्तानानं समजून घेतलं. घरी सांगितलं नाही. तीन आठवडे तो साहेबांना नेत राहिला, त्यांच्याकडे पाठ करून, तोंड जाळीला लावून, पाच मजले श्वास रोखून. चौथ्या मजल्याशी छाती फुटायला येई.

मंगळवारी, अकरा वाजून दहा मिनिटांनी, लिफ्टमध्ये एकच बाई होत्या. निवृत्त शिक्षिका. सहाव्या मजल्यावर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ऑपरेशननंतरच्या तपासणीला निघालेल्या. काळा चष्मा, पांढरा मास्क, दोन्ही हातांनी धरलेली पर्स. सगळे त्यांना बाईच म्हणत. एवढ्यात साहेब आत आले. डोळे लाल, कपाळावर घाम. आत येताच ते खोकले, मोकळे, खोलवरून, तोंडावर हातही न ठेवता.

"चल, पाच."

कप्तानाचा हात मुठीवर होता. तो त्यानं काढून घेतला.

"साहेब, मास्क लावा."

"सेक्रेटरी बोलला नाही तुला?"

"बोलले."

"मग?"

"तुम्हाला खोकला आहे."

"धुळीचा आहे. तुझ्या या डबड्यात धूळ किती आहे बघ! नेतोस की नाही?"

कप्तानाच्या डोळ्यांपुढे बाहेरच्या खोलीतलं ताट आलं, आणि दाराच्या फटीतून दिसणारी बायकोची पावलं. त्याचा स्वतःवरचा ताबा सुटला.

"मग तुम्हीच न्या," तो म्हणाला आणि लिफ्टमधून बाहेर पडला.

"अहो कप्तान, मी आहे ना..." बाई म्हणाल्या. पण साहेबांनी दोन्ही दारं धाडकन ओढली होती आणि मूठ डावीकडे दाबली होती. लिफ्ट हिसका खाऊन वर गेली. जाळीतून बाईंचा काळा चष्मा त्याच्याकडे वळलेला दिसला, मग त्यांच्या चपला, मग काहीच नाही.

तो तळाशी उभा राहून मोजत होता. एक. दोन. तीन. मग दोर थांबले. वरून दार खडखडवल्याचा आवाज, साहेबांची ओरड, आणि मग तो खोकला, थांबायचं नावच घेईना.

कप्तान जिन्यानं धावला. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी मास्क लावून चार मजले. लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये अडकली होती. घाबरून साहेबांनी मूठ सोडली होती आणि आतलं दार उघडायला ओढलं होतं. ते अर्धवट वाकडं होऊन बसलं होतं.

"साहेब, आतलं दार नीट लावा आणि मूठ डावीकडे करा. एवढंच करा."

"काढ मला! गुदमरतोय मी! काढ!"

साहेब जाळीला दोन्ही हातांनी हिसके देत होते. हिसक्यासरशी दार आणखी वाकत होतं. बाई कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या, भरलेलं भांडं सांडू नये म्हणून धरावं तशी पर्स धरून. दहा मिनिटं कप्तान बाहेरून सांगत राहिला. साहेबांना ऐकूच येत नव्हतं.

लिफ्टची जमीन चौथ्या मजल्यापेक्षा कंबरभर खाली होती. त्यानं त्या मजल्यावरचं बाहेरचं दार किल्लीनं उघडलं. आता आत उतरायचं, एवढंच राहिलं होतं. तो तिथे किती वेळ थांबला ते त्यालाही सांगता आलं नसतं. मग बाई भिंतीकडेच बघत, शांतपणे म्हणाल्या, "कप्तान, मला उभं राहवत नाही आता."

तो वाकड्या झालेल्या दाराच्या फटीतून आत उतरला. साहेबांचा श्वास त्याच्या कानावर, मानेवर येत होता. त्यानं दार सुटं करून लावलं, साहेबांना खांद्यानं बाजूला केलं, मूठ धरली आणि लिफ्ट चौथ्या मजल्याला आणून लावली. बोटभरही फरक नाही. बाई ठेचकाळल्या नाहीत.

बाहेर पडल्यावर त्यानं घरी फोन केला.

"दहा दिवस येत नाही मी."

बायकोनं विचारलं, "कोण होतं?"

"पाचव्याचे."

"आणि तुम्ही नेलंत?"

"नाही. सोडून गेलो. मग परत आत जावं लागलं."

ती रागावली नाही, हेच त्याला जड गेलं.

तळमजल्यावर पंपाच्या खोलीत त्यानं सतरंजी पसरली. सेक्रेटरी दारातूनच म्हणाले, "लिफ्ट सोडून गेलास. हे कमिटीपुढे जाणार." कप्तान म्हणाला, "जाऊ द्या." त्यानं डोळ्यांच्या डॉक्टरांकडून बाईंचा नंबर घेतला आणि रोज सकाळी नऊला त्यांना फोन करू लागला. गुरुवारपर्यंत त्या बऱ्या होत्या. शुक्रवारी म्हणाल्या, "थोडी कणकण आहे." त्याच दुपारी कळलं की साहेबांना इस्पितळात ठेवलंय, ऑक्सिजनवर.

कप्तान दिवसातून सहा वेळा ताप मोजी. घशात खवखव झाली की अंग गार पडे. पंपाच्या खोलीत धूळ होतीच, त्यामुळे खवखव रोज होई. बायको संध्याकाळी फोन करून फक्त एकच शब्द विचारी, "किती?" तो आकडा सांगे. मग ती म्हणे, "बोला आता दुसरं काहीतरी."

सहाव्या दिवशी त्यानं तपासणी केली. सातव्या दिवशी, चार वाजता, निकाल आला. आजार नव्हता. त्यानं तो कागद तीन वेळा वाचला. तरी तो दहा दिवस पुरे करूनच घरी गेला. बाईंचा ताप आठव्या दिवशी उतरला. "मास्क होता म्हणून थोडक्यात निभावलं, असं डॉक्टर म्हणतात," त्या म्हणाल्या. "खरं-खोटं त्यांना माहीत. पण कप्तान, त्या दिवशी तुम्ही मला न विचारता लिफ्टमधून बाहेर पडलात."

कमिटीपुढे काही गेलं नाही. दहा दिवस सेक्रेटरी घामाघूम होऊन तीन मजले चढले होते, आणि दुसऱ्या कुणाला ती लिफ्ट मजल्याला लावता येत नव्हती.

दीड महिन्यानं साहेब आले. कोट अंगावर टांगल्यासारखा, आवाज निम्मा. तोंडावर मास्क नव्हता.

"पाच," ते म्हणाले.

"साहेब, मास्क."

"अरे, मला होऊन गेला. आता मला कसला मास्क? आता या इमारतीत माझ्याइतका सुरक्षित माणूस नाही."

"तुम्हाला होऊन गेला. माझ्या घरी अजून यायचा आहे."

साहेब काहीतरी बोलणार होते, पण त्यांना धाप लागली. मग ते वळले आणि जिन्याकडे गेले.

दर मजल्याला बावीस पायऱ्या. कप्तान स्टुलावर बसून पावलं ऐकत होता. पहिल्या मजल्यापर्यंत ती सरळ गेली. मग दोन पायऱ्या आणि थांबणं, दोन पायऱ्या आणि थांबणं. दुसऱ्या मजल्यावर ती थांबली ती थांबलीच. जिन्याच्या पोकळीतून फक्त श्वास खाली येत होता, फाटल्यासारखा.

लिफ्टमध्ये कुणी नव्हतं. कप्तान उठला, दारं ओढली आणि मूठ डावीकडे केली.

साहेब जिन्याच्या कठड्याला टेकून पायरीवर बसले होते. कप्तानानं लिफ्ट मजल्याला लावली, दोन्ही दारं उघडली, स्टूल पुढे सरकवलं. बायको रोज सकाळी त्याच्या खिशात पाच नवे मास्क घाली. त्यातला एक काढून त्यानं हात लांब करून पुढे धरला.

बराच वेळ तो हात तसाच होता. मग साहेबांनी मास्क घेतला. एक दोरी कानावरून दोनदा निसटली, तिसऱ्यांदा बसली.

"निळी बाजू बाहेर, साहेब," कप्तान म्हणाला.

साहेबांनी मास्क काढला, उलटला आणि पुन्हा लावला. मग ते आत येऊन स्टुलावर बसले, आणि कप्तानानं दार ओढलं.