काळी चारमधल्या सासूबाई

मला पेटी वाजवता येत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण घरात पेटी दिसली की येणारा-जाणारा "म्हणा की एखादं पद" म्हणून पाठीस लागतो. पदबिद मला काही येत नाही. मी पेटीवर गोष्टी लिहिते. हसायचं असेल तर हसून घ्या. रेवदंड्यापासून चौलापर्यंत सगळ्यांचं हसून झालंय, तुम्हीच तेवढे राहिलात.

पेटी आमच्याकडे आली ती बोलपटांच्या कृपेने. मुंबईत बोलपट निघाले आणि गावोगाव फिरणाऱ्या नाटक मंडळ्या पटापट बसल्या. त्यातली एक अलिबागेस मोडली, सामान विकायला काढलं, आणि आमच्या घरातले मास्तर, म्हणजे माझे यजमान, पेटी बगलेत मारून घरी आले. बायकोला गाणं शिकवायची हौस! भजनातला एक पेटीवाला थोडे दिवस शिकवायला आला. जाताना म्हणाला, "वहिनींचा हात बरा आहे, कान तर फारच चांगला आहे. गळा तेवढा राहू द्या." आणि पुन्हा फिरकला नाही.

त्या वेळी माझ्या दोन गोष्टी मुंबईच्या एका मासिकात छापून आल्या होत्या आणि मी जरा हवेत होते. यजमानांनी तिसरी वाचली आणि म्हणाले, "छान आहे. फक्त यातली सगळी माणसं तुझ्यासारखीच बोलतात. कोळीण आणि मामलेदारसुद्धा." असा संताप आला म्हणून सांगू! दोन दिवस बोलले नाही. संताप आला, कारण बोलणं खरं होतं.

तशीच एकदा घुश्शात पेटीपाशी बसले होते. एक पट्टी दाबून नुसता भाता मारत होते. बाहेर ओटीवर मामंजी, म्हणजे माझे सासरे, नारळ पाडणाऱ्याला झापत होते, आणि माझ्या ध्यानात आलं की त्यांचा आवाज थेट माझ्या बोटाखाली आहे. खालच्या सप्तकातली पांढरी एक. माणूस चिडला की आवाज चढतो म्हणतात, पण मामंजींचा खाली उतरायचा. मग मला नादच लागला. शेजारच्या काकू कुठून सुरू करतात आणि वाक्याच्या शेवटी कुठे चढून बसतात, ते शोधलं. सासूबाई सापडल्या काळी चारवर. त्यांचा आवाज कधी हलायचा नाही. राग असो, लाड असो, काळी चार ती काळी चार.

तेव्हापासून माझी लिहायची रीत ठरली. गोष्टीतल्या प्रत्येक माणसाला एक सूर द्यायचा. तो पेटीवर धरायचा, आणि त्या माणसाचं वाक्य मोठ्याने त्या सुरात म्हणून बघायचं. बसलं तर कागदावर. नाही बसलं, तर ते त्या माणसाचं नव्हे, माझं. खोडायचं. कोणी मला शिकवलेलं नाही हे, आणि कोणी चूक म्हटलं तर ऐकणारही नाही.

आश्विनात सासूबाई गेल्या. चांगल्या हिंडत्याफिरत्या होत्या, आठ दिवसांच्या तापात गेल्या. मला आई लहानपणापासूनच नव्हती, त्यामुळे मी आईसाठी रडले नव्हते ते सगळं तेव्हा रडून घेतलं. तेरावा झाला, आणि मामंजींनी स्वतःच्या हाताने पेटी धाबळीत गुंडाळून माळ्यावर ठेवली. म्हणाले, "वर्षश्राद्ध होईस्तोवर हिला हात लावायचा नाही." दुखवट्यात गाणं-बजावणं नाही, ही सगळ्यांचीच रीत. मी मान डोलावली.

पण माझी एक गोष्ट अर्ध्यावर होती, आणि त्या गोष्टीतली सासू आमच्या सासूबाईंवरून घेतलेली होती. आधी नुसतीच घेतली होती. आता मला ती पुरी करायचीच होती, कारण ती बाई आता दुसरीकडे कुठे भेटणार नव्हती. तोंडानेच सूर धरून बघितला. कसचं काय! बसायचे सासूबाई लिहायला, आणि मीच बोलायला लागायचे. कागदावर एक रडकी, गोड म्हातारी तयार झाली. आमच्या सासूबाई जन्मात रडक्या नव्हत्या आणि गोड तर मुळीच नव्हत्या. मी ते कागद चुलीत घातले. मनात म्हटलं, दुखवटा पाळायचा म्हणून त्या बाईला खोटी करून ठेवायची का? नाही पाळत जा.

माघात, दुपारचं वाडीतलं शिंपणं बघायला मामंजी गेले की मी शिडी लावून पेटी खाली काढू लागले. बाळंतिणीच्या खोलीत बसायचे, दार लावायचे, भाता अगदी हळू. पांढरी एक दाबून म्हाताऱ्याचं बोलायचे, काळी चार दाबून म्हातारीचं. आणि काय सांगू, पहिल्याच दिवशी ती आली. ती म्हणजे भूतबीत नव्हे हो, गोष्टीतली बाई! वाक्यामागून वाक्य अशी बसत गेली की लिहिताना हात पुरेना.

शेजारच्या काकू एका दुपारी विरजण मागायला मागीलदारी आल्या. आतून पेटीचा सूर, आणि त्या सुरात गेलेल्या सासूबाई बोलताहेत! काकू वाटी तिथेच टाकून पळाल्या. संध्याकाळपर्यंत आळीभर झालं, की मास्तरांच्या बायकोच्या अंगात सासू येते.

दुसऱ्या दिवशी मामंजी वाडीत न जाता मागीलदारी येऊन उभे राहिले असावेत, कारण दार उघडलं तर तिथे तेच. चेहरा पांढरा पडलेला. पेटी दिसूनही पेटीबद्दल अक्षर नाही. तसेच फिरले, आणि डोंगराकडच्या गावातल्या, भूत उतरवणाऱ्या भगताला निरोप गेला.

भगत यायच्या सकाळी यजमान माझ्याकडे आले. माणूस चांगला, पण भांडणाला फार भितो. म्हणाले, "अगं, आई आली होती म्हणून टाक. पेटी वाजती ठेवा, एवढीच तिची इच्छा आहे म्हण. सगळं मिटेल. पेटी कायमची तुझी, आणि बाबांनाही बरं वाटेल."

खोटं कशाला बोलू, मोह झाला. एक वाक्य काळी चारमध्ये बोलायचं होतं, आणि ते माझ्याइतकं चांगलं कोणालाच जमलं नसतं. पण मग पुढे? मी लिहीन ती प्रत्येक ओळ त्या भुताची झाली असती. बाईच्या अंगात आलं तर तिला ओवाळतात, हळदकुंकू लावतात. तिच्या डोक्यातून काही आलं, तर म्हणतात हिला दुखवट्याचीसुद्धा चाड नाही. मी म्हटलं, "अहो, दुपारी आत जेवढा घाम गाळलाय ना, तो माझा आहे. तो मी कोणाच्या नावावर करणार नाही." ते कपाळाला हात लावून शाळेत गेले.

ओटीवर ऊद घातला. भगत, मामंजी, काकू, आणि काकूंनी गोळा केलेल्या आळीतल्या बायका. भगताने माझ्याभोवती तांदूळ टाकले आणि दरडावून विचारलं, "कोन हाईस तू? बोल!"

"या घरची सून," मी म्हटलं. "पूर्ण शुद्धीत आहे. गोष्ट लिहितेय."

भगत मामंजींकडे वळला. "पक्की हाय. असंच सांगतात ती. कबूल व्हत न्हाय लवकर."

घ्या! म्हणजे मी काहीही बोलले तरी ते भूतच बोलणार! काकूंनी हात जोडले आणि मला, म्हणजे सासूबाईंना, म्हणाल्या, "वहिनी, काय हवं-नको ते सांगा आणि पोरीला सोडा हो."

तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. मी उठले. भगत "बस खाली" म्हणून ओरडला, तिकडे लक्षच दिलं नाही. आत जाऊन पेटी आणली, ओटीच्या मधोमध, तांदळांवरच ठेवली. कागद आणले. गाव बघतंय तर बघू दे म्हटलं. पहिल्यांदा पांढरी एक धरली आणि गोष्टीतल्या म्हाताऱ्याचं वाचलं: "नारळ मोजून घे रे, मेल्या, मागल्या खेपेला दोन तुझ्या पोटात गेले!" बायकांमध्ये एक खसखस पिकली आणि लगेच दबली. मग वाक्याच्या शेवटी चढणारी शेजारीण वाचली. काकूंचं तोंड आधी उघडलं आणि मग फुगलं. "आता सांगा," मी म्हटलं, "या काकूंचंही भूत आलंय का माझ्या अंगात? त्या तर समोर बसल्यात."

भगत पिशवीची गाठ सोडायला लागला, पुन्हा बांधायला लागला. मी काळी चार दाबली.

"तळे गावाहून लग्न होऊन आले तेव्हा वाटलं, आता समुद्र दिसेल. होडीतून आणली मला, तर मान खाली. होडीच्या तळाशी साचलेलं पाणी तेवढं पाहिलं. आणि आता हा समुद्र वाडीपलीकडे रात्रंदिवस ओरडत असतो मेला, पण बघायचा नाही. आपल्यातल्या बायका किनाऱ्यावर जात नाहीत म्हणे. यांना विचारलं असतं तर नेलं असतं यांनी. पण मी का विचारायचं? यांना कळू नये?"

भाता सोडला तसा सूर विरला. मामंजी माझ्याकडे बघत होते.

"ती मला असं कधी बोलली नाही," ते म्हणाले.

"तुम्हांला नाही बोलल्या. मला बोलल्या, तांदूळ निवडताना. समुद्र बघायचा राहिला, एवढंच म्हणाल्या. बाकीचं त्यांचं नाही, मी लिहिलंय."

"म्हणजे ती आली नव्हती."

"नाही, मामंजी. मीच होते."

ते उठून उभे राहिले. मला वाटलं आता पेटी उचलतात आणि विहिरीत टाकतात. टाकली असती तरी मी शब्द मागे घेतला नसता. यजमान तेवढ्यात शाळेतून आले होते आणि पायरीवर चपला न काढता तसेच उभे होते.

मामंजींनी विचारलं, "मग जाते का ती? समुद्रावर?"

"ते अजून लिहिलेलं नाही," मी म्हटलं. "आणि पेटीवाचून मला ते लिहिताही यायचं नाही."

काकू काहीतरी बोलणार होत्या, त्यांना मामंजींनी हातानेच थांबवलं.

"आत घेऊन जा," ते मला म्हणाले.

मी पेटी उचलली. उंबऱ्यापाशी पोचले, तोच मागून आवाज आला, अगदी खालच्या सुरातला. "सूनबाई, लिहून झालं की मला आधी दाखव."

"नाही," मी म्हटलं. "छापून आलं की वाचा."