गार इंजिनांचा मिस्तरी

आमच्या यांना सगळे थंडोबा म्हणतात. स्वभावावरून नव्हे, स्वभाव असा की चहात साखर कमी पडली तरी कान लाल. नाव पडलं ते गाड्यांवरून. यांच्या हाताखालून गेलेली गाडी तापत नाही, अशी ख्याती. चढावर बाकीच्या गाड्या बॉनेट उघडून वाफा सोडत उभ्या असायच्या आणि यांची गिऱ्हाइकं हात हलवत शेजारून निघून जायची.

युक्ती साधी होती. इंजिनाभोवती पाणी फिरतं, त्याच्या वाटेवर थर्मोस्टॅट नावाची एक छोटी झडप असते. इंजिन गार असेपर्यंत ती बंद राहते, तापलं की आपोआप उघडून पाणी रेडिएटरकडे सोडते. कधी ती अडकून बसते. यांच्या उमेदवारीत एका गाडीची अशीच अडकली, इंजिन जळालं आणि वस्तादाने सगळा राग यांच्यावर काढला. तेव्हापासून यांनी त्या झडपेशी दावा मांडला. गाडी ब्रेकच्या कामाला का आलेली असेना, आधी झडप बाहेर. "अडकणारी वस्तू ठेवायचीच कशाला?" म्हणायचे. "दार काढून टाकलं की कडी लागायची भीती नाही."

झडप काढली की झाकणाखाली पाणी गळू नये म्हणून रबराची चकती बसवायची. जुन्या ट्यूबमधून त्या चकत्या कापायचं काम आमची मुलगी करायची. शाळेतून आली की घराला लागूनच असलेल्या गॅरेजच्या पायरीवर बैठक मारायची आणि जीभ बाहेर काढून कात्री चालवायची. चकती उलटी बसू नये म्हणून कडेला छोटी खाच पाडायची कल्पना तिचीच. यांना ती इतकी आवडली की मुलगी कॉलेजात गेल्यावरही हे तशीच खाच पाडत राहिले.

ती पुढे इंजिनांवर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळेत लागली. तिथे गाडी लोखंडी रोलरांवर चढवतात, जागच्या जागी पळवतात आणि मागचा धूर नळीने ओढून मोजतात. हे तिला चिडवायचे, "आम्ही गाड्या पुढे नेतो. तुम्ही जागेवर पळवता आणि वर पगार घेता."

"बाबा, तुमची एखादी गाडी आणा ना आमच्याकडे. मग बघू कोण पळतं ते."

थट्टाच होती बापलेकीची.

मग प्रयोगशाळेकडे रस्त्यावरच्या, रोज वापरातल्या गाड्या तपासायचं काम निघालं. खटाऱ्यांनी काळा धूर सोडला त्याचं कुणाला नवल वाटलं नाही. पण काही गाड्या चकचकीत, वेळच्या वेळी गॅरेजला जाणाऱ्या, आणि त्यांचा धूर खटाऱ्यांपेक्षा वाईट. असं कसं, ते कुणालाच कळेना. शेवटी मुलीच्या वरिष्ठ बाईंनी त्यातली एक खोलून बघायला सांगितली. शाळेची मुलं नेणारी पांढरी व्हॅन होती ती. मुलीने स्वतः नट सोडवून झाकण उचललं. आत झडप नव्हती. नुसती रबराची चकती होती आणि तिच्या कडेला खाच.

"आई, मला काही ऐकूच येईना," ती मला म्हणाली. "बाई विचारत होत्या, काय दिसतंय? मी आपली हातात पाना धरून उभी."

खांद्यावरची पिशवीही न उतरवता ती स्वयंपाकघरात येऊन हे सांगत होती. मला तर आधी कळलंच नाही. मी विचारलं, "मग झालं काय? गाडी तापत तर नाही ना?"

"तापतच नाही ना. तापायला हवी." तिने मला लहान मुलाला समजवावं तसं समजावलं. इंजिन गारठलेलं राहिलं की पेट्रोल धड जळत नाही. न जळलेलं काही धुरातून बाहेर जातं, काही इंजिनाच्या तेलात उतरतं. तेल पातळ होतं, इंजिन आतून झिजतं. धूर साफ करणारा जो डबा बसवलेला असतो, तोही ऊब मिळाल्याशिवाय नीट काम करत नाही. "आणि आई, मुलं शाळा सुटल्यावर त्या व्हॅनच्या मागेच रांग लावतात."

रोज सकाळी देवापुढे हात जोडून मी एकच मागत आले, यांच्या हाताला यश दे. देवाने हात आखडता घेतला नव्हता. गावभर गाड्या गार करून ठेवल्या होत्या यांनी.

"बाबांना नको सांगूस," मी म्हटलं.

"आत्ताही कुणाची तरी झडप काढत असतील, आई."

तिने सांगितलंच. हे आधी हसले. मग कान लाल झाले. "पोटची पोर बापाला इंजिन शिकवायला निघाली," असं भिंतीला ऐकवून ताटावरून उठले. तिसऱ्या दिवशी धुतलेला शर्ट घालून दारात उभे. "चल, दाखव तुझं यंत्र." मलाही सोबत घेतलं, साक्षीला म्हणून.

तीच व्हॅन तिथल्या लोकांनी आधी होती तशी पळवली होती, आणि दुसऱ्या दिवशी झडप बसवून. पडद्यावर पहिल्या दिवसाच्या धुराची रेघ वर गेली होती, दुसऱ्या दिवसाची खाली बसली होती. यांनी नुसती मान वळवली. "रेघा काय, कुणीही ओढेल." मग म्हणाले, "तेल काढलंय का जुनं?"

मुलीने तेलाचा डबा पुढे केला. यांनी बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं, नाकाशी नेलं. आणि माझ्या डोळ्यांदेखत या माणसाच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"हा वास मला ठाऊक आहे," हे म्हणाले.

ठाऊक असणारच. त्या व्हॅनचं इंजिन यांनी दोनदा खोललं होतं. दोन्ही वेळा तेलाला पेट्रोलचा वास आला होता आणि दोन्ही वेळा यांनी व्हॅनवाल्याला चारचौघांत झापलं होतं, "भेसळीचं तेल टाकतोस, आणि रडत माझ्याकडे येतोस." त्या बिचाऱ्याने तेलाचं दुकान बदललं होतं.

बाईंनी पाणी दिलं. यांनी पेला तसाच बाजूला ठेवला. मुलीला विचारलं, "किती असतील गं? माझ्या हातच्या?"

व्हॅन झडपेसकट परत गेली. दुसऱ्याच दिवशी व्हॅनवाला घाबराघुबरा होऊन गॅरेजवर आला. "मिस्तरी, टेम्परेचरचा काटा अर्ध्यावर चढतोय. काय करून ठेवलं त्या लोकांनी?"

"तिथेच यायला पाहिजे तो."

"तुम्हीच तर म्हणायचात, काटा झोपलेला बरा."

"चुकीचं म्हणायचो." यांना बोलायला जड जात होतं. "तुझं इंजिन दोनदा गेलं ना, ते तुझ्या तेलाने नाही. माझ्यामुळे."

तो माझ्याकडे वळला. "वहिनी, यांना बरं नाही का?"

"बरे आहेत. खरं तेच सांगताहेत," मी म्हटलं.

"छे. देवमाणूस आहे हा. पोरीने काहीतरी भरवलंय डोक्यात." आणि यांच्या खांद्यावर थोपटून गेला.

हाच प्रकार सगळीकडे. हे गिऱ्हाइकांना बोलावून सांगायचे, झडप मी फुकट बसवून देतो. ते म्हणायचे, थंडोबा, आमच्यावर प्रयोग नकोत. इतकी वर्षं ज्यांनी शिव्या देणाऱ्याचंही ऐकून घेतलं, त्यांनी हात जोडणाऱ्याचं ऐकलं नाही.

आठवड्याने व्हॅन चाकात हवा भरायला थांबली. सगळी मुलं घरोघर सोडून आली होती. यांनी बॉनेट उघडून वरच्या जाड नळीला हात लावला. एवढं पळूनही नुसती कोमट होती.

"कुणी काढली झडप?"

व्हॅनवाला ओशाळला. "रागावू नका. पलीकडच्या गल्लीतल्या तुमच्या शिष्याने. म्हणाला, वस्तादांनीच शिकवलंय."

हे बॉनेट तसंच उघडं टाकून अनवाणीच निघाले. मी चपला हातात घेऊन मागे. शिष्य आता स्वतःच्या गॅरेजचा मालक झालेला, एका मोटारीत वाकला होता. यांना बघून सरळ झाला, नुकती काढलेली झडप दाखवत म्हणाला, "बघा वस्ताद, हात लावला की निघते."

यांनी ती त्याच्या हातातून घेतली आणि परत बसवायला स्वतः वाकले.

"काकू, वस्तादांना झालंय काय?" त्याने मला हळूच विचारलं.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात बॉनेटखालून यांचा हात बाहेर आला. "दहाचा पाना."

त्याने तो दिला, जुन्या सवयीने.