विहिरीचं लोकेशन

परवानगी म्हणजे माणूस आणि यंत्र यांच्यातला विश्वासाचा पवित्र करार. आमच्या साहेबांच्या प्रेझेंटेशनमध्ये हे वाक्य सोनेरी अक्षरांत होतं. मी मात्र नरखेड तालुक्यात एका विहिरीच्या काठावर उभा होतो, आणि वत्सलामावशी ‘अलाउ’ दाबायला तयार नव्हत्या.

आमचं ॲप विहिरीवरची मोटर घरबसल्या सुरू करतं. मावशींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, मुलगा बुटीबोरीला कंपनीत. आंबिया बहराची संत्री पाण्यावाचून गळत होती. शेजारच्या वावरातले नामदेवराव त्यांना मोटरसायकलवर घेऊन आले होते.

“मोटर सुरू कराची तं लोकेशन काहून पायजे? विहीर कुठं पळून चालली का?”

नामदेवराव हसले. “विहीर नाही वयनी, तुमचं बोअर धरतीन हे!”

“तुम्ही चूप बसा ना भाऊजी!”

अडचण तेव्हा कळली. जमिनीतलं पाणी खोल गेल्यामुळे या भागात नव्या बोअरवर बंधनं आहेत. मावशींच्या विहिरीच्या पोटात परवानगी न घेता मारलेलं एक बोअर होतं. त्याबद्दल कुणी बोलत नसे.

मी नागपूरला साहेबांना फोन लावला. “सर, लोकेशन आपल्या सर्व्हरला जातं का?”

“प्रायव्हसी पॉलिसी वाचून दाखव त्यांना.”

“सर, ती मीच वाचलेली नाही.”

“नाही जात. फोनमध्येच राहतं.”

मी कोड लिहिणाऱ्या मुलीलाही विचारून घेतलं. तीही नाही म्हणाली.

मग मावशींना सांगितलं. मोटरच्या स्टार्टरला आम्ही बसवलेल्या डब्याशी फोनची पहिली ओळख ब्लूटूथनं होते. त्यासाठी फोन आसपासची यंत्रं हुडकतो. जवळ कोणतं यंत्र आहे यावरून माणूस कुठे आहे हे ताडता येतं. म्हणून जुन्या फोनमध्ये नुसत्या हुडकण्यालाही लोकेशनची परवानगी लागते. ओळख झाली की पुढचं काम डब्यातलं सिमकार्ड करतं.

“एकदाच ना? मंग लगेच बंद करून देजो बापू.”

‘फक्त या वेळी’ दाबलं. डबा सापडला. मी लोकेशन बंद करून दाखवलं.

नामदेवरावांना विहिरीवर ठेवून मी मावशींना घरी आणलं. ओसरीवर बसून त्यांनी बटण दाबलं. अंगठ्याखालचा इशारा टॉवरवर गेला, तिथून कुठल्याशा दूरच्या शहरातल्या सर्व्हरवर, आणि तिथून परत याच गावातल्या विहिरीवर. हिरवा ठिपका उमटला. माझ्या फोनवर नामदेवराव ओरडले, “आलं वयनी, पाणी आलं!”

फोनमध्ये त्यांच्या मागे पाण्याची धार पडताना ऐकू येत होती. मावशींनी मला फोन ठेवू दिला नाही. कितीतरी वेळ त्या नुसतं पाणी ऐकत राहिल्या. हे सगळं कसं चालतं ते मला पाठ आहे, तरी अंगावर काटा आला.

फळगळ थांबली. धडा एवढाच, की परवानगी मागण्याआधी कारण आपल्याला माहीत असावं.

मावशी आता रोज घरूनच मोटर सुरू करतात. हिरवा ठिपका आला, की नामदेवरावांना फोन करून विचारतात, मोटर सुरू झाली का.