‘ऱ्य’चं बटण

राळेगावातल्या एका सरकारी कार्यालयात मी कनिष्ठ सहायक आहे. यवतमाळहून रोज एसटीने जाते आणि दिवसभर पत्रं टाइप करते. आमच्या पत्रांत वर्षानुवर्षं ‘शेतक-यांना’ असंच जायचं, मध्ये डॅश देऊन. ‘कर्मचा-यांनी’, ‘अधिका-यांस’ही तसंच. तो अर्धा र कुठून काढायचा हे कुणाला सापडलं नाही, म्हणून कधीतरी कुणीतरी डॅश मारला आणि तो कायम झाला. आमच्याकडे माणसं कायम व्हायला अर्धी नोकरी जाते.

साहेबांनी एका पत्राला ‘छान’ म्हटलं, म्हणून मी कौतुकाने त्याचा फोटो बाबांना पाठवला. बाबा मुकुटबनला असतात. शाळेत मराठी शिकवायचे. घराण्यात पहिल्यांदा सही करणारे तेच, त्यामुळे अक्षराच्या बाबतीत ते कुणाचं ऐकत नाहीत. लगेच फोन आला.

“काय वं, हे ‘शेतक’ म्हंजे कोन? अन् ‘यांना’ म्हंजे दुसरेच कोनी काय?”

“बाबा, थो डॅश हाये. सारेच तसं लिवतात.”

“साऱ्यायले म्या नाही शिकवलं. तुले शिकवलं.”

ते मला लागलं. अशा कीबोर्डांचे व्हिडिओ मी पाहिले होते, ज्यांच्या पोटातला प्रोग्रॅम आपणच लिहून भरू शकतो. त्याला फर्मवेअर म्हणतात. कुठलं बटण दाबलं की कीबोर्डने संगणकाला काय कळवायचं, ते त्यात ठरतं. मी तसला एक मागवला. शोधता शोधता कळलं, की इनस्क्रिप्ट पद्धतीत ‘ऱ्य’ पहिल्यापासून होताच: शिफ्टसकट J, मग d, मग तिरकी रेघ. फक्त ही तीन बटणं लक्षात ठेवायला कार्यालयात कुणी तयार नव्हतं. मी ती तिन्ही कोपऱ्यातल्या एका जादा बटणावर बसवली. पहिल्या दिवशी शिफ्ट दाबलेलीच राहिली आणि अख्खी ओळ भलतीच उमटली. दुसऱ्या दिवशी जमलं. ‘शेतकऱ्यांना’ हा एकच शब्द मी पानभर टाइप करून पाहिला.

कार्यालयातलं पहिलं पत्र बडे बाबूंकडे, म्हणजे आमच्या मुख्य लिपिकांकडे गेलं.

“मॅडम, डॅश कुठं गेला?”

“सर, तो चूक होता. आता बरोबर आहे.”

“वरून आलेल्या पत्रात तं हाये. मंग वरचे चूक अन् आपण बरोबर, असं लेखी देता काय?”

लेखी द्यायची माझी हिंमत झाली नाही. साहेबांनी फाइलवर ‘चर्चा करावी’ लिहिलं. चर्चा झाली ती कीबोर्डची. तो जडवस्तू नोंदवहीत नव्हता. नोंद नसलेल्या वस्तूने टाइप केलेलं पत्र ग्राह्य कसं धरायचं? शेवटी साहेबांनी स्वतः बटण दाबलं, ‘ऱ्य’ उमटला आणि ते म्हणाले, “भारी आहे हे!” यालाच तोंडी मंजुरी समजण्यात आलं.

पुढच्या आठवड्यात मी दोन दिवस रजेवर होते. तेवढ्यात तातडीचं पत्र काढायचं आलं, तर बडे बाबूंनी ‘ऱ्य’साठी माझा कीबोर्ड उचलून आपल्या संगणकाला लावला. मराठी कीबोर्डमध्येच असते अशी त्यांची समजूत. पण कीबोर्ड फक्त कुठली बटणं दाबली ते सांगतो. त्यांचं अक्षर संगणक करतो. बडे बाबूंकडे होता जुना फॉन्ट, आणि त्यात त्याच तीन बटणांवर श्र, क आणि अर्धा ध, जो पुढच्या कान्याने पुरा झाला. साहेबांच्या सहीने पत्र गावोगाव गेलं: ‘तालुक्यातील शेतकश्रकधंना दिलेल्या लाभाची माहिती तात्काळ सादर करावी.’

मी परत आले तेव्हा उत्तरं यायला लागली होती. पहिल्या गावाने कळवलं, ‘शेतकश्रकध योजनेचे लाभार्थी: निरंक.’ दुसरंही निरंक, म्हणजे एकही नाही. एकाने लिहिलं, ‘प्रस्ताव मंजुरीस्तव प्रलंबित.’ फक्त एक ग्रामसेवक स्वतः आला.

“मॅडम, हे शेतकश्रकध कायचं हाये? सभेत वाचून दाखवलं, तं लोकं म्हणे फारम कुठं भेटते?”

मी पत्र घेऊन बडे बाबूंकडे गेले. त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

“खाली सही कोनाची हाये?”

“साहेबांची.”

“मंग आता हे चूक नाही. योजना हाये.”

मी साहेबांकडेही गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “या उत्तरांचा अहवाल वर जिल्ह्याला गेला का?” गेला होता. “मग आता दुरुस्तीपत्र काढलं, तर आपण न वाचता सही करतो असं होईल. तुम्ही तो कीबोर्ड घरीच वापरा.” मी तो पिशवीत घालून घरी नेला. एसटीत मांडीवर धरून बसले होते. राग आला होता आणि हसूही येत होतं.

पुढच्या महिन्यात जिल्ह्याचा नवा तक्ता आला. त्यात ‘शेतकश्रकध’साठी वेगळा रकाना होता. तो रकाना चुकीचा आहे हे जिल्ह्याला कळवावं म्हणून मी कोरं पान उघडलं. साहेब हाच तक्ता घेऊन बैठकीला निघाले होते, गाडी सुरू होती, बडे बाबू दारातून “झालं का, झालं का” करत होते. मी पान मिटलं आणि रकान्यात ‘निरंक’ भरलं.

वेळेत अहवाल देणाऱ्या तालुक्यांत आमचं नाव घेतलं गेलं. साहेबांनी परत आल्यावर सगळ्यांसाठी समोसे मागवले. मीही खाल्ला.